खुडूक कसे व्हावे

कोंबडी जे काम एक पैसा न घेता, एकही पुस्तक न वाचता आणि एकदाही वायरमनला फोन न करता करते, ते आपण पेटी, पंखा, बल्ब आणि पेन्सिल घेऊन कसे करावे, याचे हे मार्गदर्शन आहे. ते लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच, की वसईच्या सातिवलीत दुसऱ्या मजल्यावर, टीव्हीच्या शेजारी, मी बारा अंडी एकवीस दिवस उबवली आणि त्यांतून चार पिल्ले निघाली. म्हणजे तेहेतीस टक्के. दहावीला पस्तीस लागतात. थोडक्यात हुकलो.

आधी अंडी. नाक्यावरच्या किराणा दुकानातली पांढरी अंडी आणू नयेत. ती घालणारी कोंबडी पिंजऱ्यात जन्म काढते, तिने कोंबडा पाहिलेला नसतो. ती अंडी अधिक महिना धरून उबवली तरी त्यांतून निघेल तो फक्त वास. म्हणून मी तुंगारेश्वरच्या बाजूच्या पाड्यावरून बाजाराला येणाऱ्या एका मावशींना गाठले. ‘गावठी आहेत ना?’ हा प्रश्न सगळेच विचारतात. जाणकाराने ‘कोंबडा आहे ना?’ असे विचारावे.

मावशींनी माझ्याकडे, मग माझ्या पिशवीकडे पाहिले. ‘होता,’ त्या म्हणाल्या. ‘गटारीला कापला.’

इथे नवशिका हिरमुसतो. हिरमुसू नये. कोंबडा गेल्यावरही आठ-दहा दिवस कोंबडी फलित अंडी घालत राहते, असे शास्त्र सांगते. गटारी होऊन तीनच दिवस झाले होते. मी डझनभर घेतली. अंडे आठवड्याहून जुने नसावे, फ्रीजमध्ये ठेवलेले नसावे, आणि घाण दिसली तरी धुऊ नये. कवचावर एक नैसर्गिक लेप असतो. तो गेला की जंतूंना दार उघडे. ठेवताना बोथट टोक वर, कारण हवेची पोकळी तिथे असते.

आता मुहूर्त. आपण हे श्रावणात करत आहोत, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. घरच्यांच्या आले. ‘श्रावणात अंडी? देव्हाऱ्यापासून आठ फुटांवर?’ आपण अंडी खात नसून त्यांना जीवदान देत आहोत, ही भूतदया आहे, असा युक्तिवाद करावा. तो कोणी मानत नाही, पण करावा.

पेटी म्हणून थर्माकोलचा मासळीचा डबा उत्तम. ऊब धरतो आणि वसईच्या बाजारात कोळणीकडे मागितला तर मिळतो. तीन वेळा धुवावा, दोन दिवस वाळवावा, आणि तरीही तो तापला की पहिले चार दिवस घरात बोंबील शिजल्याचा भास होईल हे मनाशी धरून चालावे. श्रावणात याचे काय पडसाद उमटले ते इथे देत नाही. हवेसाठी भोके पाडावीत. कवचाच्या आत कोणीतरी श्वास घेत असते. आत कॉम्प्युटरचा जुना पंखा, एक थर्मोस्टॅट आणि बल्ब. एलईडी चालत नाही, तो तापत नाही. तारेचा पिवळा बल्ब हवा. आमच्या हार्डवेअरवाल्याने तो माळ्यावरून धूळ झटकून काढला आणि ‘कोणाच्या घरी देता? म्हातारे कोणी आहे का?’ असे आपुलकीने विचारले. दोन घ्यावेत आणि दोन्ही लावावेत. एक उडाला तर दुसरा राहतो.

पेटीत पंखा असेल तर उष्णता साडेसदतीस अंश सेल्सिअस, म्हणजे तापाच्या काट्यावर साडेनव्व्याण्णव. आपल्याकडे याला कणकण म्हणतात. पोराला एवढी असली की शाळा बुडते. अंड्याला ती एकवीस दिवस, रात्रंदिवस हवी असते. थोडी खाली गेली तर गर्भ सहसा सोसतो, वर गेलेली सोसत नाही. चाळीसच्या पुढे काटा काही काळ राहिला तर पुढचा भाग वाचू नये.

इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत अंडी उबवण्याची विद्या दोनेक हजार वर्षे जुनी आहे. तिथले कारागीर थर्मामीटरशिवाय अंडे डोळ्याच्या पापणीला लावून ऊब ओळखत. पुढे फ्रान्समध्ये रेओमूर नावाच्या शास्त्रज्ञाने शेणखताच्या उबेवर अंडी उबवण्याचे प्रयोग केले आणि 1749 साली त्यावर पुस्तक काढले. पापणीचा प्रयोग मी करून पाहिला. पहाटे चार वाजता अंधारात एका डोळ्याला अंडे लावून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहून बायको काहीच बोलली नाही, आणि तेच जास्त लागले.

अंडी दिवसातून निदान तीनदा फिरवायची, नाहीतर गर्भ कवचाला चिकटतो. फिरवण्याची संख्या विषम ठेवावी, म्हणजे रात्रीची पाळी रोज एकाच कुशीवर जात नाही. पेन्सिलने एका बाजूला फुल्ली, दुसऱ्या बाजूला गोळा. स्केचपेन नको, कवच शोषून घेते. मी सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा अशा वेळा धरल्या. दुपारच्या पाळीसाठी मी काम करतो त्या गाळ्यावरून, स्टोअरची किल्ली दुसऱ्याला देऊन, शेअर रिक्षाने घरी येत असे. शेटला बँकेचे काम सांगितले होते. तेरा दिवस रोज बँक म्हटल्यावर त्याने मला कर्ज झाले आहे का, असे विचारले.

याच सुमारास मूळ विषय सुरू होतो. खुडूक, म्हणजे उबवणीला बसलेल्या, कोंबडीची लक्षणे आमच्या आजीने मला लहानपणीच शिकवली होती: जागा सोडत नाही, खाणे कमी होते, जवळ गेले की अंग फुलवते आणि घशातून गुरगुरते. दहाव्या दिवशी आमच्या घरात ही चारही लक्षणे एकाच व्यक्तीत दिसू लागली. ‘अहो, तुम्ही खुडूक झालात,’ बायको म्हणाली. खुडूक उतरवायचे जुने उपाय दोन. एक, नाकात पीस घालणे. दोन, बादलीत बुचकळून काढणे. त्या रात्री बाथरूममध्ये बादली काठोकाठ भरलेली दिसली. पाणी जाणार होते म्हणून भरली होती, असे नंतर सांगण्यात आले.

ओलाव्याबद्दल सगळी मार्गदर्शने सांगतात, की पहिले अठरा दिवस पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवा, आत पाण्याची वाटी ठेवा, आणि लक्षात घ्या की पाणी किती खोल याला महत्त्व नाही, किती पसरट याला आहे. ही माणसे श्रावणात वसईला आलेली नाहीत. इथे मीठ बरणीत रडते, पापड पंख्याखाली मऊ पडतो. वाटी काढून टाकली. अंड्यातले पाणी थोडे उडावेच लागते. अठराव्या दिवसापर्यंत त्याचे वजन बारा-तेरा टक्के उतरायला हवे, नाहीतर पोकळी लहान राहते आणि पिल्लू पहिल्या श्वासासाठी चोच घालील कुठे?

सातव्या रात्री दिवे घालवून, पुठ्ठ्याच्या नळीतून मोबाइलचा टॉर्च अंड्याला लावून पाहावे. जिवंत अंड्यात मधोमध एक गडद ठिपका आणि त्यातून फुटलेल्या तांबड्या शिरा दिसतात, थेट कोळी बसल्यासारख्या. मी ‘कोळी! कोळी!’ असे ओरडलो तेव्हा बायकोने झाडू आणला. आठ अंड्यांत कोळी, चार कोरी. एकात चौदाव्या दिवशी नुसते रक्ताचे कडे उरले. ते मी वेळेत काढले नाही. अंडे कुजल्याचा वास औद्योगिक वसाहतीत लपतो, कारण प्रत्येक जण दुसऱ्याच्या गाळ्याकडे बघतो. सोसायटीत लपत नाही.

सोळाव्या दिवशी श्रावणी सोमवार. रात्री पाऊस कोसळला आणि लाईट गेली. अशा वेळी नियम एकच: झाकण उघडू नये. कोंबडीसुद्धा दिवसातून पंधरा-वीस मिनिटे उठून दाणे टिपून येते, तेवढ्याने काही बिघडत नाही. पण पंधरा मिनिटांचे दोन तास झाले, काटा एकतीसवर आला. मी मोबाइलच्या उजेडात पेटीवर गोधडी घालून तिच्याभोवती हात टाकून बसलो. सकाळपासून उपाशी असलेली बायको उठली, गॅसवर पाणी तापवले आणि स्वतःच्या कंबरेची रबरी पिशवी भरून गोधडीखाली सरकवली. ‘बाजूला व्हा,’ म्हणाली. ‘तुमचे हात गार आहेत.’ लाईट पावणेचारला आली. तोवर पिशवी पाच वेळा भरून झाली होती.

अठराव्या दिवसापासून अंडी फिरवायची नाहीत, ओलावा सत्तरच्या घरात न्यायचा, आणि उघडायचे तर नाहीच. विसाव्या दिवशी अंड्यातून आवाज आला. कवच अजून अखंड, आणि आतून चिवचिव. शुक्रवारी रात्री पहिल्याला टिकलीएवढी भेग पडली आणि मग सगळे थांबले. पहिल्या भेगेपासून बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागतात. पिल्लू तेवढ्यात उरलेला बलक पोटात ओढून घेत असते. त्या शिदोरीवर ते दोन दिवस उपाशी काढते. एक दिवसाची पिल्ले खोक्यांतून गावोगाव जातात ती याच बळावर. आपण दयेपोटी कवच सोलले तर शिरा तुटून रक्त येते.

हे सगळे पाठ असूनही शनिवारी सकाळी माझा हात झाकणाकडे गेला. त्यावर चापट बसली. पेटीपाशी बायको पाटावर बसली होती, कालच्याच साडीत, केस सुटलेले. शेजारचा चहा गार होऊन साय धरून होता. ‘हात लावायचा नाही,’ ती म्हणाली, आणि घशातून जो आवाज निघाला तो मी आजीच्या खुराड्यानंतर प्रथमच ऐकला. मी दोन पावले मागे सरलो.

संध्याकाळपर्यंत चार निघाली. तीन आतच राहिली. पिल्ले वाळून फुलली की दुसऱ्या खोक्यात घ्यावीत, पहिला आठवडा पस्तीस अंश. खाली भाताचे तूस घालावे; गुळगुळीत वर्तमानपत्रावर त्यांचे पाय फाकतात. पाण्याच्या ताटलीत खडे, म्हणजे बुडणार नाहीत. मानमोडीची लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात टिपायची, डॉक्टरांना विचारून. पुढे यांतला एखादा कोंबडा निघाला की सोसायटीची मीटिंग होईल, त्याची तयारी वेगळी.

पेटी धुऊन माळ्यावर टाकावी म्हणून मी वायरी सोडवत होतो.

‘राहू दे ती,’ बायको म्हणाली. एक पिल्लू तिच्या तळव्यात झोपले होते. ‘त्या मावशींनी नवा कोंबडा आणला का, विचारा जरा.’