विषय केंद्राचा की राज्याचा? होतकरू पुढाऱ्यासाठी मार्गदर्शन

जळगाव-धुळ्याकडच्या होतकरू पुढाऱ्याने राज्यघटनेची सातवी अनुसूची पाठ करण्याच्या भानगडीत पडू नये. तिच्यात केंद्र, राज्य आणि समवर्ती अशा तीन याद्या आहेत. पुढाऱ्याला एवढेच ठाऊक असले की पुरे : आज दिल्लीत कोण आणि मुंबईत कोण. दोन्हीकडे आपलेच असतील तर ‘डबल इंजिन’. मुंबईत आपले, दिल्लीत दुसरे, तर ‘केंद्राची सापत्न वागणूक’. याच्या उलट असेल तर ‘केंद्राने दिले, राज्याने अडवले’. दोन्हीकडे परके असतील तर कलेक्टर कचेरीवर मोर्चा न्यावा आणि निवेदन देताना चेहरा फोटोत नीट येईल असे उभे राहावे.

तत्त्व लवचीक असावे. सीबीआयला राज्यात तपासासाठी असलेली सरसकट संमती महाविकास आघाडीने ऑक्टोबर २०२० मध्ये काढून घेतली. तेव्हा तो राज्याच्या हक्काचा प्रश्न होता. दोन वर्षांनी, ऑक्टोबरातच, शिंदे सरकारने ती पुन्हा बहाल केली. ही संमती ज्यावर चालते ते दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्याचे सहावे कलम जागच्या जागी होते. मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावरचा माणूस तेवढा बदलला होता.

राज्यपालांविषयी मत देण्यापूर्वी त्यांना कोणी नेमले ते पाहून घ्यावे. नोव्हेंबर २०२० मध्ये आघाडीने विधान परिषदेसाठी बारा नावे राजभवनावर धाडली. त्यांत मुक्ताईनगरचे एकनाथ खडसेही होते. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी हो म्हणेनात, नाही म्हणेनात. भाजपला यात काहीच वावगे दिसले नाही. पण २०११ मध्ये गुजरातच्या राज्यपाल कमला बेनीवाल यांनी मोदी सरकारला डावलून लोकायुक्त नेमला, तेव्हा याच पक्षाला संघराज्य धोक्यात दिसले होते आणि काँग्रेसला मुळीच दिसले नव्हते. अर्थात ही खोड जुनी. १९७७ मध्ये जनता पक्षाने नऊ राज्यांतली काँग्रेस सरकारे घालवली. १९८० मध्ये इंदिराबाईंनीही मोजून नऊच घालवली. त्यांत महाराष्ट्राचे शरद पवारांचे सरकारही गेले. राजभवनावर अडकलेले खडसे पुढे जून २०२२ मध्ये आमदारांच्या मतांवर परिषदेत पोचले. आता ते पवारांच्या पक्षात आणि सूनबाई रक्षा खडसे दिल्लीत राज्यमंत्री. ही सोय मात्र प्रत्येक पुढाऱ्याला परवडणारी नाही.

राष्ट्रीय महामार्गावरचा खड्डा केंद्राचा, फीत राज्याची.

सगळ्यात उपयोगी विषय केळीचा विमा. रावेर-यावलकडे मे-जूनच्या वादळात उभी बाग तासाभरात आडवी होते. खोड मधूनच मोडते, निसवलेले घड मातीत. नुकसानीची खबर ७२ तासांत द्यायची असते, म्हणून शेतकरी चिखलात उभा राहून मोबाइलवर फोटो काढत असतो. त्याने आपल्या वाट्याचा हप्ता आधीच भरलेला असतो; उरलेला केंद्र आणि राज्य मिळून भरतात. इथेच पुढाऱ्याची चांदी. ‘भाऊ, विम्याचं काय झालं?’ असे विचारताच, विरोधी सरकार जिकडे असेल तिकडचा हिस्सा अडकल्याचे सांगावे. दोन्ही सरकारे आपलीच असतील तर कंपनीला झोडपावे. अरे, पण हप्ता घेताना कुणी विचारलं होतं का, तू केंद्राचा शेतकरी की राज्याचा? त्याला पैसे हवेत, आणि ते पुढच्या लागवडीआधी हवेत. असो.

कांद्याला हात घालताना जपावे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यातबंदी घातली, तेव्हा मुंबईतही महायुतीच होती. त्यामुळे ‘वरिष्ठांशी बोलतो’ यापलीकडे कुणाला काही बोलता येईना. बंदी मे २०२४ च्या सुरुवातीला उठली. धुळ्याचे मतदान २० मे रोजी झाले. भाजपचे सुभाष भामरे ३,८३१ मतांनी पडले. या मतदारसंघात कांद्याचे बागलाण आहे, तसे मालेगाव शहरही आहे, त्यामुळे सगळे खापर कांद्यावर फोडता येणार नाही. तरीही ‘निर्यात हा केंद्राचा विषय’ हे वाक्य बाजार समितीच्या आवारात म्हणू नये. म्हणायचेच असेल तर लिलाव उरकून ट्रॅक्टर गावाला गेल्यावर म्हणावे.