खात्याखात्या घरचे नाना

सुखवस्तू माणसाला आपण 'खात्यापित्या घरचा' म्हणतो. लंडनच्या हॅरो भागात राहणारे आमचे नाना मात्र खात्याखात्या घरचे. २०१५ साली त्यांची-माझी ओळख झाली, तेव्हा त्यांच्या घरात माणसं होती दोन आणि बँकेची खाती अकरा.

ओळख झाली ती गणपतीत, भाड्याच्या हॉलमध्ये, प्रसादाच्या रांगेत. मी नवा माणूस. गाव कोणतं, आडनाव काय, अशी चौकशी होईल असं वाटलं होतं. नानांनी माझ्या हातावर मोदक ठेवता ठेवता विचारलं, "पगार कुठे जमा होतो?"

मी बँकेचं नाव सांगितलं.

"आणि मग?"

"मग काय, तिथेच असतो."

"एकाच खात्यात? पडून?"

'पडून' हा शब्द त्यांनी असा काही उच्चारला, की माझे पैसे जिन्यावरून घसरून कण्हत पडलेत असं मलाच दिसू लागलं.

आपल्याकडे करंट अकाउंट म्हणजे व्यापाऱ्याचं खातं, व्याजाच्या नावाने शंख. विलायतेत मात्र साध्या नोकरदाराचा पगार ज्यात पडतो, त्या खात्यालाच करंट अकाउंट म्हणतात. मार्च २००९मध्ये बँक ऑफ इंग्लंडने मूळ व्याजदर अर्ध्या टक्क्यावर आणून ठेवला आणि बचत खात्यांचं व्याज आटलं. गिऱ्हाईक ओढायला बँकांनी मग या रोजच्या खात्यांवर खाऊ ठेवला. नेशनवाइड पहिलं वर्षभर ५ टक्के देई, पण २,५०० पौंडांपर्यंतच. टीएसबीचेही ५ टक्के, पण मर्यादा २,०००ची. सँटँडरचे ३ टक्के २०,०००पर्यंत, पण दरमहा फी. प्रत्येकीचे सोवळ्याओवळ्याचे नियम निराळे. कुणाला महिन्याला ५०० पौंड जमा व्हायला हवेत, कुणाला १,०००, कुणाला १,५००. काहींना वर दोन डायरेक्ट डेबिट हवीत, म्हणजे खात्यातून परस्पर जाणारी दोन बिलं. ज्याचा पगार आपल्याकडे येतो आणि बिलं आपल्याकडून जातात, तो माणूस जन्माचा आपला झाला, असा बँकांचा हिशेब. त्यांनी नानांना पाहिलेलं नव्हतं.

दर महिन्याच्या एक तारखेला नानांकडून हजार पौंडांची पालखी निघे. पहिला मुक्काम नेशनवाइड. अटीपुरतं दर्शन झालं की दुसऱ्या दिवशी प्रस्थान. पुढे त्यातले पाचशे नानांच्या टीएसबीत, तिथून काकूंच्या टीएसबीत, तिथून दोघांच्या टीएसबीत. मग आणखी दोन-तीन बँकांना उभ्या उभ्या भेटी, आणि आठवड्याभरात तेच हजार पौंड अंगाला धूळसुद्धा न लागता घरी परत. कुणाला हात लावायला नको. सगळं स्टँडिंग ऑर्डरवर. बँकांच्या दप्तरी नाना दरमहा चार-पाच हजार पौंड कमावणारे गृहस्थ होते. प्रत्यक्षात ते रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. तेही एक खातंच म्हणा.

या वारीचं वेळापत्रक स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर असे. संकष्टीच्या चौकोनात 'एन टू टी', म्हणजे नेशनवाइड ते टीएसबी, एकादशीखाली 'व्याज उपसणे'. कारण २,५००च्या वर गेलेल्या पेनीला व्याज नाही, आणि व्याज नसलेली पेनी नानांना उपाशी झोपलेल्या पोरासारखी वाटे. काकू म्हणायच्या, "अहो, चंद्रोदयाची वेळ शोधतेय मी, त्यावर तुमची सँटँडर आलीय."

खरी पंचाईत डायरेक्ट डेबिटांची. गॅस, वीज, पाणी, टीव्हीचं लायसन्स, फोन; संपली की बिलं! माणूस राहतो एका घरात, दिवे किती लावणार? शेवटी नानांनी दानधर्माचा मार्ग धरला. म्हाताऱ्या गाढवांचा सांभाळ करणाऱ्या एका संस्थेला दरमहा दोन पौंड नानांच्या खात्यातून, दोन काकूंच्या खात्यातून. नाताळात गाढवाचा फोटो असलेलं आभाराचं कार्ड येई. काकूंनी ते फ्रिजवर लावलं होतं. कुणी विचारलंच तर सांगायच्या, "हे आमच्या ह्यांचं पाच टक्के."

एकदा ईस्टरने घात केला. शुक्रवार आणि सोमवार दोन्ही सुट्टीचे. पालखी एका मुक्कामी अडकली, पुढच्या मुक्कामी रिकाम्या पानावर पंगत बसली, आणि सगळी साखळी लटकली. नाना सुट्टी संपेपर्यंत स्वतः एकेक ऑर्डर दुरुस्त करत बसले. त्यानंतर आठवड्याभरात एका बँकेतून फोन आला. तुमच्या खात्यात दरमहा पैसे येतात आणि लगेच जातात, हा काय प्रकार आहे? काळा पैसा धुण्याचा संशय आहे, हे ओळखून नाना शांतपणे म्हणाले, "बाई, हे पैसे मी धुतलेले नाहीत. फक्त फिरायला नेलेत." मग खात्री पटवायला आईचं माहेरचं आडनाव सांगायची वेळ आली आणि 'कऱ्हाडकर'चं स्पेलिंग घालता घालता बाईंचाच संशय थकून गेला.

मी एकदा आगाऊपणा केला. या सगळ्याला महिन्याला किती तास लागतात ते विचारून भागाकार मांडला. तासाला पडणारी रक्कम काही फार मोठी नव्हती. नानांनी ती पाहिली आणि विचारलं, "तू शनिवारी दिवसभर क्रिकेट बघतोस. त्याचे तासाला किती पडतात?"

मी कागद घडी करून खिशात ठेवला.

नाना १९६८ साली इथे आले. भारतातून फार परकीय चलन नेता येत नसे. त्यांच्या खिशात तीन पौंड होते. आठवड्याभराने एका बँकेत खातं उघडायला गेले, तर काउंटरवरच्या साहेबाने ओळखपत्र मागावं तसं विचारलं, तुम्हाला ओळखणारं कुणी आहे का? "तेव्हा एक दार उघडेना," नाना सांगतात, "आणि आता मी बँक बदलावी म्हणून हेच लोक मला शंभर पौंड देतात! २०१३पासून तर सात कामाच्या दिवसांत सगळं खातं बिलांसकट हलवून देतात. लग्नघरचं बिऱ्हाडसुद्धा इतक्या लवकर हलत नाही." हे सांगताना त्यांची छाती फुगते. व्याज किती, हा प्रश्न त्या वेळी गौण असतो.

मग २०१६ उजाडलं. एप्रिलपासून सरकारने सर्वसाधारण करदात्याला वर्षाला १,००० पौंडांपर्यंतचं व्याज करमुक्त केलं. तोवर बँका २० टक्के कर आधीच कापून घेत. नानांनी त्या दिवशी श्रीखंड आणलं. ऑगस्टमध्ये बँक ऑफ इंग्लंडने मूळ दर पाव टक्क्यावर नेला, आणि १ नोव्हेंबरपासून सँटँडरचे ३ टक्के निम्म्यावर, दीड टक्क्यावर आले. दात होते तेव्हा चणे नव्हते असं ऐकलं होतं; नानांच्या कवळीचं बिल सरकारने माफ केलं आणि त्याच वर्षी चणेवाला गाव सोडून गेला. एकेक बँक दर उतरवत गेली, एकेक खातं बंद झालं. कालनिर्णयवर पुन्हा नुसत्या एकादश्या दिसू लागल्या.

ऑगस्ट २०२३मध्ये मूळ दर ५.२५ टक्क्यांवर गेला. साध्या बचत खात्यावरही शोधलं तर ५ टक्के मिळू लागले. अट नाही, डेबिट नाही, वारी नाही. मी पेढे घेऊन नानांकडे गेलो. नाना सुतक असल्यासारखे बसलेले.

"पाच टक्के, नाना!"

"हो रे. पण ते आता सगळ्यांनाच मिळतात."

निघताना फ्रिजवर नजर गेली. गाढवाचं कार्ड होतं, नवं कोरं. मी चक्रावलो. ज्या खात्यांसाठी हा दानधर्म सुरू झाला, ती बंद होऊन काही वर्षं लोटली होती.

"हे अजून चालू आहे?"

नाना जरा ओशाळले. "असू दे रे. अट गेली म्हणून गाढवाची भूक जाते का?"

मला भरून आलं. मी वाकून नमस्कार केला. आशीर्वादाचा हात डोक्यावर ठेवून नाना हळूच म्हणाले, "आणि उद्या कुणी सात टक्के काढले, तर दोन डेबिटं तयार नकोत?"