एका वॉशरचे वेढे

हवेतून मला सापडलेला पहिला माणूस कोल्हापूरकडचा होता आणि त्याने विचारलेला पहिला प्रश्न होता, "पाथर्डी का?"

मी म्हटलं, "पाथरी. पाथरी."

"रोजर, रोजर. पाथर्डी. नगर जिल्हा."

सहा महिने, दोन भाजलेली बोटं आणि एक गळका नळ खर्ची घालून मी जो आवाज आकाशात पाठवला, तो परभणी जिल्ह्यातून निघाला आणि नगर जिल्ह्याच्या खात्यावर जमा झाला.

हे दुःख पाथरीकराशिवाय कुणाला कळायचं नाही. आमच्या लग्नपत्रिका पाथर्डीला जातात. आमची पार्सलं पाथर्डीला जातात आणि तिथून, आमच्यासारख्याच वैतागलेल्या कुणीतरी पत्ता खोडून लिहिलेली, परत येतात. माझ्या धाकट्या बहिणीला पाहायला आलेली पुण्याची मंडळी पाथर्डीच्या स्टँडवर उतरून आमच्या घरचा पत्ता विचारत होती. तिथल्या भल्या माणसांनी त्यांना चहा पाजला, मोहटादेवीचं दर्शन घडवलं आणि परत पाठवलं. ते स्थळ गेलं. बहीण अजून म्हणते, बरंच झालं, ज्या माणसाला दोन गावांतला फरक कळत नाही त्याला बायकोतला काय कळणार.

"साईबाबांचं पाथरी" असं सांगावं, तर लोकांना गाव कळतं पण लगेच जन्मस्थानाचा वादही कळतो. जानेवारी २०२० मध्ये पाथरीच्या विकासनिधीवरून शिर्डी बंद राहिली होती, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. आणि हौशी रेडिओवर धर्म नि राजकारण बोलायचं नाही, हा दंडक. म्हणजे गावाची एकमेव जगप्रसिद्ध ओळख हवेत उच्चारायची सोय नाही.

राहता राहिली अक्षरफोड. बिनतारीच्या रिवाजाप्रमाणे पाथरी म्हणजे पापा, अल्फा, टँगो, होटेल, रोमिओ, इंडिया. पाथर्डी म्हणजे पापा, अल्फा, टँगो, होटेल... होटेलपर्यंत दोन्ही गावं एकाच गाडीतून येतात. होटेलनंतर आमच्याकडे थेट रोमिओ येतो, त्यांच्याकडे आधी पुन्हा एकदा अल्फा. आणि खरखर नेमकी होटेलनंतर येते. कधीही ऐका, होटेलनंतरच.

नगरकडून निघून पाथर्डीला न थांबता थेट पाथरीला पोचलेला इतिहासातला एकच माणूस मला ठाऊक आहे, तो म्हणजे बुऱ्हाण निजामशहा. त्याच्या आज्याच्या घराण्याकडे म्हणे पाथरीचं कुळकर्णीपण होतं. मूळ गाव आपल्याकडे असावं म्हणून त्याने १५१८ च्या सुमारास वऱ्हाडच्या इमादशहाकडून पाथरी लढून घेतली. इतिहासकार फेरिश्त्याने हे लिहून ठेवलंय. फौजफाटा, घोडी, तोफा घेऊन निघालेला सुलतान, वाटेत पाथर्डी लागली असणार, आणि तरी फसला नाही! मी हे कोल्हापूरकराला सांगणार होतो, पण माझं बटण सुटलं आणि त्याने पुढचा प्रश्न विचारला. "रिग कोणती आहे, ओएम?"

(रिग म्हणजे यंत्र, ओएम म्हणजे ओल्ड मॅन, म्हणजे मित्रा.) या प्रश्नाची मी सहा महिने वाट पाहत होतो.

"होमब्रू," मी म्हणालो. "सगळं स्वतःच्या हातांनी बनवलेलं."

आता या वाक्यात खरं किती होतं, ते सांगतो.

माझा रेडिओ बिटएक्स जातीचा. त्याची मांडणी हैदराबादच्या अशहर फरहान यांची, हवेतलं चिन्ह व्हीयू टू ईएसई. आमच्या मराठवाड्याला हैदराबादहून काही यायचं म्हणजे १९४८ पर्यंत हुकूमच. हे पहिलंच काहीतरी असं आलं की जे कुणीही पाहावं, उतरवून घ्यावं, बनवावं. साधे, कुठल्याही रेडिओवाल्याकडे मिळणारे ट्रान्झिस्टर, आणि ऐकताना नि बोलताना तीच मंडळी दोन्ही दिशांनी राबवून घेतलेली. शेवटी एक आयआरएफ ५१० नावाचा मॉस्फेट, तो पाच-सहा वॅट बाहेर फेकतो. आमच्या देवघरातला झिरोचा बल्ब याच्यापेक्षा जास्त खातो. २०१६ साली फरहान यांनी चाळीस मीटरच्या पट्ट्याचा जुळवलेला बोर्डच विकायला काढला होता. वायरी जोडा नि बोला. माझ्या मित्रांनी तो घेतला, आठवड्याभरात बोलायलाही लागले. मी घेतला नाही. मी ३१ वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. मी सुट्या भागांची पिशवी मागवली.

परवान्याचं फार सांगत नाही. रेस्ट्रिक्टेडची परीक्षा, तीत मोर्स नाही, म्हणून माझं चिन्ह व्हीयू थ्रीने सुरू होतं. राजीव गांधींचं व्हीयू टू आरजी होतं, हे मी कुणी विचारलं तरच सांगतो आणि सहसा कुणी विचारत नाही. पोलीस चौकशीला आलेल्या हवालदाराने टेबलावरचे रेझिस्टर बोटाने सारले आणि विचारलं, "सर, हे काय धान्य निवडायलात का?" खरं तर तसंच चाललं होतं.

त्या धान्यात दोन पिवळ्या कड्या होत्या. लोखंडाच्या भुकटीच्या, अर्ध्या इंचाच्या, एक कामाची आणि एक जास्तीची, मी कडी फोडणार असं गृहीत धरून दिलेली. तिच्यावर इनॅमलची तार गुंडाळायची, की कॉइल झाली. पहिली माझ्या चिमट्यातून सटकून फरशीवर फुटली. दुसरी हरवली. टेबलाखाली पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, केरसुणी झटकली. नाही म्हणजे नाही.

पण मी वाचलेला माणूस. फरहान यांनी मूळ आराखड्यात लिहिलं होतं की असल्या कड्या आपल्याकडे सहज मिळत नाहीत, तेव्हा नळाचा वॉशर घ्या. हे वाचल्यावर माझा आनंद काय वर्णावा! मी पक्कड घेतली, स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्यावरच्या नळाचा वॉशर काढला. दुकान दोन गल्ल्यांवर होतं, हे मला तेव्हा आठवलं नाही. पुढच्या सगळ्या काळात आमच्या घरी दोनच आवाज होते. माझ्या यंत्राची खरखर आणि नळाची टपटप. तिसरा बायकोचा. "अहो, नळ गळायलाय."

मी कडीसाठी सांगितले होते तेवढेच वेढे वॉशरवर मोजून घातले. सोल्डर मारलं. अंगणात लिंबापासून गच्चीच्या कठड्यापर्यंत दोन्हीकडे दहा-दहा मीटर तार ताणली. (दुसऱ्या दिवशी तिच्यावर गोधडी वाळत होती. तारेची उंची बरोबर आहे, असं बायकोचं मत पडलं.) स्कूटरची बॅटरी जोडली. आणि कान लावला.

आवाज आला! अगदी अस्पष्ट, शिट्टीत गुंडाळलेला, बदकाने बोलावं तसा. मी वही काढली, वेळ लिहिली. भाषा कळत नव्हती. सूर पूर्वेकडचा वाटला. बर्मा? इंडोनेशिया? मी बायकोला हाक मारली. तिने पदराला हात पुसत दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "हे बोंडअळीचं सांगायलेत."

परभणी आकाशवाणी होती. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरची.

तीन आठवडे मी दुरुस्ती केली. सगळे ट्रान्झिस्टर तपासले, चांगले असलेले दोन काढून दुसरे घातले, काढताना बोर्डाचं तांबं उपटलं. वीस रेझिस्टर एकत्र बांधून पन्नास ओहमचा खोटा अँटेना केला, त्याच्यावर यंत्राची परीक्षा घेतली, नापास केलं. मल्टिमीटरवर वाद घातला. शेवटी पुन्हा तार आणायला मोटार भरणाऱ्याच्या दुकानी गेलो, पेटी हातातच होती.

त्याच्याकडे रांगेत सात-आठ पंपाच्या मोटारी उघड्या पडलेल्या. आमच्याकडे कालव्याचं पाणी आहे, विहिरी आहेत आणि कमीजास्त दाबाची वीज आहे, म्हणून मोटारी जळतात आणि तो भरतो. त्याने माझी पेटी उघडी पाहिली आणि कॉइलवर बोट ठेवलं.

"सर, हा वॉशर हाय ना? नळाचा?"

"हो. मूळ आराखड्यातच आहे तसं," मी म्हणालो.

"मग टर्न किती घातले?"

मी सांगितले.

"हे तर लोखंडाच्या कडीचे टर्न. प्लॅस्टिकवर एवढ्यात कसं भागायचं?" आणि मग, अगदी आदराने, "तुम्हीच शिकवलं होतं ना सर. गाभा लोखंडाचा असला की कमी वेढ्यात काम होतंय."

मी दुकानाच्या बाकावर बसलो. त्याच्या पोराने पाणी आणून दिलं.

गणित मला मग बसल्याजागी सुटलं. यंत्रात १० मेगाहर्ट्झचे स्फटिक, त्यातून २.९ ची कंपनं वजा केली की ७.१ ऐकू यायला हवं. गाभ्याशिवाय कॉइलची ताकद आठ-नवव्या हिश्श्यावर आली, त्यामुळे कंपनं जवळजवळ तिप्पट, ८.७. दहातून ८.७ गेले, राहिले १.३. परभणी आकाशवाणी १३०५ किलोहर्ट्झवर. माझं यंत्र पहिल्या दिवसापासून बिनचूक चालत होतं. मी जे बनवलं होतं, तेच ते करत होतं.

हा मोटारवाला आठवीत माझ्या वर्गात होता. प्रयोगशाळेच्या कपाटातला एक गॅल्व्हनोमीटर त्याने मधल्या सुट्टीत उघडला होता. मी पकडलं तेव्हा झाकण एका हातात, स्क्रू तोंडात. "काय करतोस?" तर म्हणाला, "काही नाही सर, नुसतं बघायलो." मी त्याला दोन तास उन्हात उभं केलं आणि बापाला बोलावून घेतलं. तो दहावीला बसला नाही. ते माझ्यामुळे असं मी म्हणत नाही. त्याचा बाप गेला, मग हेच दुकान. पण त्या दिवसानंतर कपाटाची किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये गेली ती मी निवृत्त होईपर्यंत. विद्युतचुंबक मी फळ्यावर काढायचो, रंगीत खडूने, लोक वर्गाबाहेर थांबून बघत इतका सुरेख. निरोप समारंभात साहेबांनी जाहीर सांगितलं की या गुरुजींच्या ताब्यात इतकी वर्षं एक काचेची नळी फुटली नाही. टाळ्या पडल्या. मी मान लववली. शाल घेतली. चार्जच्या यादीत लिहिलं होतं: गॅल्व्हनोमीटर, नग चार, तीन सुस्थितीत, एक उघडलेला.

ते तीन कुणीच कधी आतून पाहिले नाहीत. मीही नाही. साठीला आलो तेव्हा पहिल्यांदा माझं बोट सोल्डरने भाजलं, आणि गंमत म्हणजे मला त्याचा अभिमान वाटला.

त्याने सगळी तार सोडवली. "सर, तुम्ही हात नका लावू," म्हणाला, आणि वॉशर दोन बोटांत धरून जवळजवळ तिप्पट वेढे घातले, एकमेकांना चिकटून, एकसारखे, गप्पा मारत, न मोजता. संपल्यावर मी मोजले. एक जास्त निघाला. तो म्हणाला, "एक ठेवलाय काढायला. कमी करता येतो, वाढवता येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला वीज गेली. गावचे चार्जर, एलईडी दिवे, स्टार्टर सगळे एकदम गप्प झाले आणि हेडफोनमधली खरखर, जिला मी इतके दिवस आकाशाची समजत होतो, ती पाथरीची निघाली. तीही गेली. मग त्या शांततेत माणसं बोलू लागली. एक जण कुणाच्या तरी गुडघ्याची चौकशी करत होता. माझी लहर म्हणे दोन-तीनशे किलोमीटर वर जाऊन खाली येते. शेजारच्या मानवतला बोलायचं झालं तरी आधी तिकडे वर जायचं. मी बटण दाबलं आणि थरथरत्या आवाजात सीक्यू, म्हणजे 'कुणी आहे का?', पुकारलं.

पुढचं सांगितलंच. पाथर्डी.

बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मी "स्वतःच्या हातांनी" म्हणालो तेव्हा तिने फक्त नळाकडे पाहिलं.

गोकुळाष्टमीला बाळकृष्णाला न्हाऊ घालताना त्याच्या गळ्यात मला पिवळी कडी दिसली. पलंगाखाली झाडताना सापडली होती, बायको म्हणाली, किती शोभतीय. मी काढून घेणार होतो, पण सणाचा दिवस होता. मग मोटारवाल्याला फोन केला. मूळ कडी सापडलीय, कॉइल बदलायची का?

"चाललंय ना सर? मग कशाला उघडायलात. राहू द्या."

फोन ठेवला. बायको नैवेद्याच्या गडबडीत होती. मी टेबलाशी गेलो, पेटीचे चारही स्क्रू काढले आणि झाकण बाजूला ठेवून वॉशरवरचे ते वेढे खिडकीच्या उजेडात धरले.

"अहो, आता काय करायलात?"

"काही नाही," मी म्हणालो. स्क्रू तोंडात होते, त्यामुळे नीट बोलता येईना. "नुसतं बघायलो."