हयात आहात का?

दर महिन्याच्या २७ तारखेला भविष्य निर्वाह निधी संघटना जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिर भरवते. नाव हिंदी, ‘निधि आपके निकट’. २०२३च्या जानेवारीपासून नव्या थाटात हा निधी नांदेड-लातूरच्याही निकट येतो. निकट येतो म्हणजे एक टेबल येतं. टेबलामागे मदत कक्षाचा तरुण, समोर साखर कारखान्यांतले, एसटीतले, सूतगिरण्यांतले निवृत्त.

तरुणाच्या स्क्रीनवर एकच प्रश्न असतो: समोरचा माणूस जिवंत आहे का? रांगेतला माणूस खोकतो, घाम पुसतो, साहेबांना पाणी विचारतो. पण हे पुरावे ग्राह्य नाहीत. हयातीच्या दाखल्याला अंगठा लागतो. ज्यांनी जन्मभर उसाच्या मोळ्या आणि बसचे टायर उचलले, त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा केव्हाच झिजल्या. मग मोबाइलपुढे चेहरा धरायचा आणि डोळे मिचकवायचे. मोतीबिंदू झालेला डोळा मिचकवला जातो, पण यंत्राला पटेल असा नव्हे.

त्यातून कागदांची लढाई. गुरुजींनी शाळेत घालताना अख्ख्या गावाला १ जूनला जन्माला घातलेलं. कारखान्याच्या दप्तरात ‘ज्ञानोबा’, आधारवर ‘ज्ञानदेव’. पासबुक हैदराबाद बँकेचं. ती बँक १ एप्रिल २०१७ला स्टेट बँकेत विलीन झाली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी रांगेत तिचं नाव हैदराबाद बँकच.

हा खटाटोप किती रकमेसाठी? १९९५च्या पेन्शन योजनेचं सूत्र साधं: पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले सत्तर. पगार साडेसहा हजार, सेवा अठरा वर्षं, तर १,६७१ रुपये. महागाई भत्ता नाही. डाळ कितीही महाग होवो, सूत्र ढळत नाही. सप्टेंबर २०१४पासून किमान पेन्शन हजार रुपये, आणि तो हजार अजून हजारच आहे. किमान साडेसात हजार आणि वर महागाई भत्ता द्या, म्हणून बुलढाण्यात डिसेंबर २०१८पासून साखळी उपोषण सुरू झालं. गंमत अशी, की पंधरा हजारांच्या सध्याच्या वेतनमर्यादेवर पस्तीस वर्षांची सेवा मांडली तरी हिशेब साडेसात हजारच येतो. म्हणजे मागणीतला आकडासुद्धा सरकारी सूत्राबाहेर जात नाही. आपली माणसं, मागतानाही मर्यादा पाळतात.

तरुण वाईट नाही. तोही कंत्राटी, त्यामुळे रांगेकडे तो जरा जपून बघतो.

“मामा, नाव दुरुस्त करायला आधारचा मोबाइल लागतो. ओटीपी येईल.”

“तो नंबर नातवाचा हाय. लेकरू चाकणला असतंय.”

फोन लावला, बंद. पुन्हा लावला. कंपनीत आत जाताना मोबाइल गेटवर ठेवून घेतात, हे मामांना तिसऱ्या खेपेला आठवलं. शिफ्ट तीनला सुटणार.

“तोवर थांबता का?”

“थांबतो की. पर त्याचाबी पीएफ कापतेत म्हणं, तेवढं बघून सांगा.”

तरुणानं नातवाचा यूएएन नंबर विचारला. मामांनी बाकावर बसून डबा उघडला.