स्वस्तातली खटखट

दोन-अडीच हजारांत आता मेकॅनिकल गेमिंग कीबोर्ड घरी येतो. चेरी या जर्मन कंपनीचं बटणाखालच्या स्विचचं पेटंट संपलं आणि चिनी नकलांचा सुकाळ झाला, त्याची ही कृपा. निळे स्विच घेतले की प्रत्येक अक्षराला खट्ट! रात्री एक वाजता तुम्ही शत्रू टिपताय की साहेबाला मेल लिहिताय, हे बायकोला कळत नाही. जाग तेवढी येते. दिवे असे, की गणपतीच्या मंडपानं लाजावं. खोक्यावर पाच कोटी वेळा दाबण्याचं आयुष्य छापलेलं. स्पेसबार पहिल्याच दिवशी खुळखुळतो, त्यावर खोकं गप्प. (टायपिंगला झकास आहे बरं का, पण त्यासाठी कोण घेतो!) घरात तान्हं मूल असेल तर खट्ट न करणारा लाल स्विचवालाच घ्या.