पाचवा ग्लास

मेहुण्याने लंडनहून बाटली आणली आणि व्हिस्कीतलं आपल्याला फार कळतं हा माझा जुना आजार उफाळला. 'या खेपेला नुसतं बसायचं नाही, चाखायचं,' असं मी फर्मान काढलं. कोपऱ्यावरच्या दुकानातली चपटी, एक ब्लेंडेड स्कॉच, गोव्याची पॉल जॉन सिंगल माल्ट आणि मेहुण्याची बाटली. बायकोने ओट्यावर ओतून ट्रेमधून ग्लास आणायचे, आम्ही ओळखायचे. घोटभर चाखायची, उरलेली मधल्या स्टीलच्या जगात ओतायची. चकण्याला बंदी, चिवड्याने जीभ बिघडते म्हणे.

पहिल्या ग्लासाला मी 'मध, मनुका, जुनं चामडं' असे शेरे मारले. ती चपटी निघाली. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीत बहुतेक मळीचा अर्क असतो. युरोपात धान्याची आणि किमान ३ वर्षं लाकडी पिंपात मुरलेली असल्याखेरीज व्हिस्की म्हणता येत नाही. म्हणजे मी ज्या चामड्याची तारीफ करत होतो, त्याचं गोत्र साखर कारखान्याचं.

मेहुण्याची बाटली मात्र लपली नाही, तिला पीटचा वास होता. पीट म्हणजे दलदलीत कुजून दबलेल्या झाडोऱ्याचं इंधन. त्याच्या धुरावर बार्ली वाळवतात. ग्लास नाकाशी नेताच लहानपणी फुटलेल्या गुडघ्यावरचं टिंक्चर आयोडीन आठवलं. ही बाटली स्कॉटलंडमधल्या ज्या बेटावरची, त्याचं नाव आयला. घोट घेतल्यावर शेजारच्या काकांच्या तोंडून नेमकं तेच निघालं.

मग पाचवा ग्लास आला. काय सांगू! आधी गोडवा, मागून धूर, शेवटी किंचित बडीशेप. मी १० पैकी ९ गुण दिले आणि ब्लेंडिंग ही कशी कला आहे, निरनिराळ्या भट्ट्यांच्या माल्ट आणि ग्रेन व्हिस्क्या एकत्र करताना नाकच कसं कामी येतं, यावर बराच वेळ बोललो. मेहुण्याने मोबाइलवर टिपून घेतलं.

'पाचवी कुठली गं?' मी आत हाक दिली.

'बाटल्या चारच आहेत,' बायको म्हणाली. 'तुम्ही जग भरून आत पाठवलात, मला वाटलं तीच पाचवी.'

मेहुणा हरखला. उरलेला जग त्याने फडकं बांधून कपाटात ठेवला. 'मुरू दे,' म्हणाला. मी लगेच माहिती पुरवली, की स्कॉटलंडमध्ये पिंपातली दारू वर्षाला साधारण २ टक्के उडते, आपल्या उष्ण हवेत त्याच्या कितीतरी पट. सकाळी पाहिलं तर जगातली निम्मी उडाली होती आणि मेहुणा दुपारपर्यंत उठला नाही.

संध्याकाळी काका जिन्यात भेटले. 'त्या तज्ज्ञ लोकांसारखं मी गिळलं नाही हं,' कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले, 'प्रत्येक वेळी चूळ भरून जगात टाकली. तोंडात बडीशेप होती, तीही गेली.'

मेहुण्याला हे कुणी सांगायचं, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही.