आतली हवा

पावसाळ्यातल्या रविवारी अर्धं पुणं ताम्हिणी घाटात असतं आणि उरलेलं अर्धं तिथं पोचायच्या रांगेत. परवा आम्ही आधी या अर्ध्यात होतो, मग त्या अर्ध्यात गेलो. पाच जणांच्या गाडीत सहा माणसं, चार ओल्या छत्र्या, धबधब्याखाली भिजलेले दोन टॉवेल आणि कागदात बांधून घेतलेली गरम कांदाभजी. एका वळणावर समोरच्या काचेनं डोळे मिटले.

"धुकं उतरलं," बायको म्हणाली. मी वायपर जोरात लावला. तो बिचारा बाहेरून काच घासत राहिला, आणि ढग होता आत. काचेवर बोट फिरवायचं. रेघ उमटली तर वाफ आतली, इतकी सोपी परीक्षा आहे. ती आत्यांनी घेतली, बाजूच्या काचेवर 'श्री' काढून.

पुढं एका गाडीचे चारी इंडिकेटर अंधुक लुकलुकताना दिसले. ट्रॅफिक तुंबलंय म्हणून मीही थांबलो. ब्रेक दाबून आमचं चर्चासत्र सुरू झालं.

अध्यक्षस्थानी साडूभाऊ, कारण पुढची सीट त्यांची. "बटाटा अर्धा कापायचा आणि काचेवर घासायचा," ते म्हणाले. घाटात बटाटा कुठला? भजीसुद्धा कांद्याची. मग तंबाखू. पावसात ट्रकवाले काचेला तंबाखू चोळतात हे खरं, पण बाहेरून. मग शेव्हिंग फोम. यात मात्र तथ्य आहे. साबणाचा पातळ थर असला की पाण्याचे बारीक थेंब धरत नाहीत, ते सपाट पसरतं आणि आरपार दिसतं. फक्त तो थर घरून निघताना द्यायचा असतो. शेवटी साडूभाऊंनी खिशातून एक मोजा काढला. मिठानं भरलेला, तोंडाला गाठ मारलेला. पूजेतल्या नारळासारखा तो त्यांनी डॅशबोर्डवर ठेवला. "मीठ पाणी ओढतं," ते म्हणाले. ओढतं, पण त्याच्या सवडीनं.

तोवर बाकीची मंडळी पुसायला लागली होती. बायको ओढणीनं, मी तळहातानं, मेहुणी भज्यांच्या कागदानं. पुसल्यानं काच चार श्वास स्वच्छ राहते आणि पाचव्याला पुन्हा आंधळी होते. तळहाताचा नि भज्यांचा तेलकटपणा मात्र वस्तीला राहतो, आणि वाफेला बसायला मळक्या काचेइतकी आवडती बैठक नाही.

खरी आरोपी सहाही माणसं गाडीतच बसलेली होती. माणूस नुसता बसून श्वासातून आणि कातडीतून दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो. सहा जणांचं तासाला पेलाभर झालं, बोलण्याची वाफ वेगळी. ३० अंशांच्या हवेत घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशांच्या हवेत १७. घाटातल्या पावसानं काच गार पडलेली. तिला टेकलेल्या हवेला न मावलेलं पाणी तिथंच सांडणार.

यावर इलाज असा की एसी लावायचा. थंडीसाठी नव्हे, कोरडेपणासाठी. त्याच्या आतल्या गार नळ्यांवर हवेतलं पाणी जमतं आणि गाडीखाली ठिबकतं. ते पाहूनच आत्या मागं "गाडी गळतेय" म्हणून घाबरल्या होत्या. पण आमच्या घराण्यात घाट लागला की एसी बंद होतो. गाडी ओढत नाही, पेट्रोल पिते, आणि 'बाहेर इतका गारवा असताना कशाला?' खिडकी उघडायची सोय नाही, पाऊस आत येतो. उरला तो बटणावरचा बाण. गाडीच्या चित्रात बाण आतल्या आत वळलेला असेल, तर आतलीच हवा फिरत राहते. गेल्या मे महिन्यात धूळ नको म्हणून मी ते बटण दाबलं होतं. ते अजून दाबलेलंच होतं.

तसं हे बटण सोसायटीच्या कमिटीपासून पक्षांच्या चिंतन शिबिरांपर्यंत सगळीकडे दाबलेलंच असतं. तीच डोकी, तेच उच्छ्वास, दरवाजे बंद. समोरचं दिसेनासं झालं की 'बाहेर वातावरण धूसर आहे' असं पत्रक काढायचं.

"बाबा, ते पंख्यासारख्या चित्राचं बटण दाबू?" मागून कन्या. काचेचं चित्र, त्यात वर जाणारे तीन नागमोडी बाण. "लहान तोंडी मोठा घास नको," साडूभाऊ म्हणाले. तिनं दोन सीटांमधून हात घालून ते दाबलं, एसी लावला, आतला बाण काढला. काचेवर हवा सुटली. बाहेरची हवा ओलीच होती, पण एसीतून गाळून येत होती. (एसी फारच गार ठेवला तर वाफ काचेच्या बाहेरच्या अंगाला धरते. मग मात्र वायपरला काम मिळतं.)

काच खालून वर उमलत गेली. आधी बॉनेट, मग रस्ता, मग पुढची पांढरी गाडी. चारी इंडिकेटर लावून ती रस्त्याच्या कडेला उभी होती. आत कोणीच नव्हतं. मालक पलीकडच्या ताडपत्रीखाली कणीस खात होते. त्यांच्यापुढं रस्ता मोकळा होता आणि आमच्या मागं अकरा गाड्या.

साडूभाऊंनी मोजा उचलून तळहातावर तोलून पाहिला.

"जड झालाय," ते म्हणाले. "ओढून घेतलं बघा सगळं पाणी."